पुलाच्या तोंडचा शेंदरी दगड

शेंदूर फासलात तुम्ही आणि गावानं धरलंय मला. आबा, जाताना कुणाला तरी खरं काय ते सांगून जायचं होतं.

आपला रेल्वेचा दगडी पूल आता सायकलींचा झालाय. गाडी नव्या पुलावरून जाते, जुन्यावरचे रूळ कधीच उचलले. गँगमन म्हणून जिथं तुम्ही उन्हातान्हात पहार मारायचात, तिथं आता गुळगुळीत रस्ता आहे. सकाळी चांगली पिकलेली माणसं चड्ड्या घालून, डोक्याला टोपडी बांधून सायकली हाणतात. जायचं कुठं, तर पुलापलीकडं. आणि तिथनं लगेच माघारी. तुम्ही विचारलंच असतं, "कामधंदा न्हाई का रं?"

पुलाच्या तोंडाशी तुमचा दगड अजून आहे. मी परकरातली, भाकरी घेऊन येते आणि तुम्ही नाक दाबून उभे. बसून जेवायची तुमची ती एकच जागा, आणि लोक आडोसा बघून तिथंच घाण करायचे. तुम्ही म्हणालात, "पोरी, उद्या भाकरीसंगं शेंदूर अन् तेल आन."

"कोनता देव करायचा?"

"घान न करू देनारा."

दुसऱ्या दिवसापासून जागा लख्ख. फक्त तुम्हालाच त्यावर बसता येईना. देवावर कसं बसणार? मग रिटायर होईपर्यंत शेजारी मातीत बसून जेवलात.

आता सायकलवाले घंटी वाजवून त्याच्या पाया पडतात. परवा सरपंचीणबाई घरी आली. "आजी, तिथं बाकडं टाकायचंय. देव असंल तर दगड ठिवू, नसंल तर उचलू. गावात तुमच्याएवढं जुनं कोन न्हाई. कोनता देव हाय त्यो?"

"का? नवस बोलायचाय?"

"बोर्ड लावायचाय."

आमची सून आतून म्हणते, "आत्याबाई, म्हसोबा सांगा. शोभंल." जशी काही साडीच निवडतेय.

खरं सांगितलं तर दगड जाईल. घरात तुमचा एक फोटो नाही, आबा. तुमचं म्हणून हात लावावं असं तेवढंच उरलंय. म्हसोबा सांगितला तर कोंबडी-बकरी येतील, आणि तुम्ही राखलेल्या जागेवर पिसं नि आतडी पडतील. मला दोन्ही बघवायचं नाही.

काल सुनेला घेऊन तिथवर गेले. तिला पाणी आणायला पिटाळलं आणि हात जोडले. देवाला नाही जोडले, एवढंच सांगते.

हा कागद टपालात पडायचा नाही, माझ्या उशीखाली राहील. पण सरपंचीणबाई सोमवारी परत येणार आहे. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तुम्हीच. अवघड बोलायची वेळ आली की आईला पुढं करून तुम्ही बाहेर सटकायचात, ते आता चालायचं नाही.