लास्ट फ्लाइट

बाबा, परवा दुपारी तो वैमानिक मला पुन्हा दिसला. चामड्याची टोपी, कपाळावर चढवलेला जाड काचांचा चष्मा, विमानात चढताना एक पाय हवेत आणि मान वळवून आपल्याकडे बघत हसणं, सगळं अगदी तसंच. नातीनं लॅपटॉप समोर ठेवला होता. अमेरिकेच्या लष्करी विमानांच्या जुन्या फिल्मा आता घरबसल्या कुणालाही बघता येतात. ती म्हणाली, "आजी, तू सांगतेस ना पणजोबा विमानांची फिल्म दाखवायचे, ती यातली कुठली?" चौथ्या की पाचव्या फिल्मला तो आला. मी नातीला म्हटलं, जरा पाणी आण गं, आणि ती उठल्यावर आवाज वाढवला. आता एकटीच बसून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही मुळात गिरणीतले. साचेखात्यात मागावर डाव्या हाताची दोन बोटं गेली, काम सुटलं, आणि कुणाच्या तरी ओळखीनं अंधेरीच्या त्या फिल्म लायब्ररीत लागलात. शाळांना आणि कामगार केंद्रांना लहान रिळं देणारी ती जागा. आठवडाभर तुटलेली रिळं जोडायची आणि रविवारी प्रोजेक्टरची पेटी घेऊन कुठे कांदिवली, कुठे मुलुंड, कुठे माहुल असं फिरायचं. आपण राहायचो घाटकोपरला, आणि जरा कळती झाल्यापासून पडद्याचं बोचकं सांभाळायला मी तुमच्याबरोबर. अमेरिकन लोकांनी भेट दिलेली विमानांची फिल्म सगळ्यात जास्त मागणीची. काळीपांढरी, लाकडी सांगाड्याच्या विमानांपासून जेटपर्यंतची. पण तिच्यातलं बोलणं इंग्रजी, आणि समोर बसलेले तुमच्यासारखेच, एबीसीडीच्या पुढे न गेलेले. म्हणून तुम्ही आवाज बारीक करून प्रोजेक्टरशेजारी उभे राहून स्वतःच बोलायचात. काय बोलायचात, बाबा! घरात दोन वाक्यांच्या वर न जाणारा माणूस, तिथे तोंडाचा पट्टा सुरू. जुन्या विमानांचे पंख कापडाचे असायचे, ते पडद्यावर आले की तुम्ही पेटायचात. "हे बघा, सुती कापड. विणकर चांगला असणार, एक धागा सुटलेला दिसत नाही. ह्या माणसाचा जीव त्या विणकराच्या हातात आहे, समजलं?" लोक हसायचे आणि पुढे सरकून पंख बघायचे.

मग तो वैमानिक यायचा. हसायचा, उडायचा, लहान लहान होत ढगात दिसेनासा व्हायचा, आणि फिल्म तिथेच दुसऱ्या कशावर तरी जायची. तो उतरताना कधी दिसलाच नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचंच, आला का परत? आणि बाहेर शुद्ध बोलण्याचा आटापिटा करणारे तुम्ही त्या एका क्षणाला घरच्या मालवणीत शिरायचात. "इलो! इलो मरे! आणि इल्या इल्या जेवूक मागल्यान." हशा पिकायचा. ते जेवण तुम्ही तुमच्या मनचं घातलं होतं, हे सगळ्यांना कळत होतं, तरी हवं असायचं.

माहुलच्या शाळेत खिडक्यांना गोणपाटं बांधून सकाळीच खेळ व्हायचा. तिथे एक कोळीण मावशी यायची, बाजार उरकून, रिकामी पाटी मांडीशी घेऊन. तिचा मुलगा हवाई दलात भरती झाला होता, विमानांची दुरुस्ती करायला, तिकडे वर पंजाबात कुठेतरी. त्या एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई होणार, होणार असं जो तो बोलत होता आणि मुलाचं पत्र दीड महिन्यात आलेलं नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण तिनंच पडदा बांधताना सांगितलं. तरुण पोरं त्या दिवशी कुरकुरत होती. एक जण म्हणाला, "मामा, अमेरिकेची विमानं काय दाखवतो? ती तर पाकिस्तानला दिलीत ना!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही कापडाची आहेत रे. फुकट दिली तरी कोण घेणार?" आणि फिल्म सुरू केलीत.

मी नववीत होते. आपल्या सगळ्या गोतावळ्यात इंग्रजीत पहिली आलेली मी पहिलीच, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. जागा नव्हती म्हणून पडद्याखाली आवाजाच्या डब्याला कान लावून बसले होते. वैमानिक हसतो आहे, विमान पळायला लागतं आहे, मागून तुमचा आवाज येतो आहे, आणि त्या खरखरीतून मला दोन शब्द स्वच्छ ऐकू येतात, लास्ट फ्लाइट. विमान ढगात जातं. मावशी विचारते, "मंग, आयला का नाय तो पोऱ्या?" तुम्ही तोंड उघडता, आणि तुमच्याआधी मी उभी राहून सांगते, "नाही आला. बाबांना इंग्रजी येत नाही. फिल्ममध्ये सांगतायत, त्याचं शेवटचं उड्डाण होतं हे."

कुणी हसलं नाही. मावशीनं मला विचारलं, "खरा सांगतंस का गो पोरी?" मी हो म्हटलं. केवढ्या ठसक्यात म्हटलं! ती उठली, पाटी काखेला लावली आणि गोणपाट बाजूला सारून निघून गेली. ते पुन्हा नीट बसवायला तुम्ही गेलात तेव्हा दाराच्या उजेडात मला तुमचा चेहरा दिसला, आणि मला वाटलं, आता मार बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. परत येताना बसमध्ये पेटी पायाशी धरून तुम्ही एवढंच म्हणालात, "बरा केलंस गो, सांगितलंस ता. माका काय कळता इंग्रजीतला? तू शिकलंस, तुका कळता." त्यात टोमणा नव्हता, हेच मला आजवर जाचत आलं आहे. तुम्ही मनापासून मानलंत.

त्यानंतर तुम्ही कधी बोलला नाहीत. आवाज मोठा करायचात आणि हात मागे बांधून उभे राहायचात. पंखांचं कापडसुद्धा मुकाट्यानं जाऊ द्यायचात. लोक चुळबुळत, मुलं मधूनच उठून जात. लढाई संपली, मावशीचा मुलगा सुखरूप आला, ती सुके बोंबील घेऊन शोधत शोधत घाटकोपरला आपल्या दारात आली. "आयला रं माजा पोऱ्या! आता लाव ती फिल्लम, नि बोल तुज्या तोंडानं." तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही तिला पाटावर बसवून चहा दिलात. पण बोलायचं काढल्यावर म्हणालात, "आता मशीनच बोलतंय, मावशी. आमी काय बोलणार?" मी आत चहाच्या कपबशा विसळत होते.

परवा आवाज वाढवून ऐकलं ते असं, की ते शेवटचं उड्डाण त्या विमानाचं होतं. कापडी पंखांच्या त्या जातीच्या विमानांचं लष्करातलं शेवटचं. पुढे धातूची विमानं आली, आणि हा हसरा माणूस नंतर कित्येक वर्षं नव्या मुलांना उडायला शिकवत होता. नातीनं पाणी आणलं आणि माझं तोंड बघून विचारलं, काय झालं गं आजी, काही नवीन कळलं का?

नवीन काहीच नव्हतं, बाबा. इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुमचा डबा द्यायला अंधेरीला आले होते. ती फिल्म झिजली होती, तुम्ही तिचे तुकडे जोडून मशीनवर चढवून बघत होतात. खोलीत फिल्म जोडायच्या द्रावाचा उग्र वास, तुमची माझ्याकडे पाठ. त्या दिवशी खेळाचा गलका नव्हता, मध्ये कुणी बोलत नव्हतं, आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाक्य ऐकू आलं. विमानाचं. माणसाचं नाही. मी डबा हातात धरून उभी राहिले. तुम्ही मागे न वळता विचारलंत, "काय सांगता तो?"

तुम्ही होऊन विचारलंत. चार वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, म्हणजे अजून वर्षभराचे रविवार शिल्लक होते. मी म्हटलं, "तेच, बाबा. मागे सांगितलं होतं ते." तुम्ही मान डोलावलीत आणि रीळ उलटं गुंडाळायला घेतलंत. मला वाक्य कळलं नव्हतं असं नाही. घरात इंग्रजी येणारी मी एकटी होते, आणि तो मोठेपणा मला सोडवला नाही.