आधीच बसवलेला आहे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
नवी नोकरी, नवी खोली, म्हणून नवी वही. पुण्यातल्या कंपनीनं मला घरी बसवलं त्याला तीन महिने झाले. आता कुणी बसवून तर बघावं.

खोली बारामतीजवळ जळोचीत मिळाली. सकाळी स्कूटी काढायची, भवानीनगरला चहा घ्यायचा आणि पाऊण तासात साखर कारखाना. काम सोपं आहे. उसाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतो, तो सांभाळायचा. रोज दुपारी दोनला एक स्क्रिप्ट आपोआप चालते, सर्व्हर कोरा करते आणि यादीत बघून पायथॉनची पॅकेजेस एकेक करून बसवते. पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड. त्याच्यावाचून आमचा प्रोग्रॅम जागचा हलत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि व्हर्जनचा आकडा. तो आकडा तिथंच गोठला, नवं व्हर्जन आलं तरी घ्यायचं नाही.

हे सगळं माझ्या आधीच्या वसंतरावांचं. स्क्रीनवरचे संदेशसुद्धा त्यांनी मराठीत करून ठेवलेत. पांडास हे पॅकेज कोऱ्या सर्व्हरवर घातलं की 'पांडास: बसवला', आधीपासून असलं तर 'पांडास: आधीच बसवलेला आहे.' वाचून फार हसले मी. ते फेब्रुवारीत कारखान्याच्या या संगणक खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. ती खुर्ची अजून इथंच आहे. मी दुसरी मागवली.

ओळख करून देताना मॅनेजरसाहेब म्हणाले की आता सगळं तुमच्यावाचून अडतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार
आज यादी नीट वाचली. चाळीस ओळी, त्यातल्या शेवटच्या दोन अशा:

वसंत==५७.८.३
झुंबर==५१.५.११

असली पॅकेजेस जगात कुठेच नाहीत. पुसून टाकली. दोन वाजता स्क्रिप्ट चालली आणि ओळी परत जागेवर. 'वसंत: आधीच बसवलेला आहे.'

संगणक खोलीचे शिपाई सर्जेराव आप्पा इथं तीस वर्षं आहेत. त्यांच्याकडून उलगडा झाला. सर्व्हर घेतला तेव्हा पुण्याहून कुणीतरी वसंतरावांना कळवलं होतं की ज्याच्यावाचून तुमचं काम अडतं त्या सगळ्याची यादी पाठवा. वसंतराव सरळ माणूस. पॅकेजेस लिहून झाली आणि मग त्यांनी स्वतःला आणि काट्यावरच्या झुंबररावांनाही लिहिलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. नावांपुढे आकडे मात्र तेव्हा नव्हते, असं आप्पा म्हणतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
झुंबरराव गेले. दोन वाजून गेल्यावर काटा पुन्हा सुरू झाला, ट्रॅक्टर चढला, वजन आलं, पण ते खुर्चीतून उठलेच नाहीत. त्यांना उचलून नेईपर्यंत पावत्या छापून येतच होत्या. बटण कुणी दाबत नव्हतं.

माझ्या स्क्रीनवर तेव्हा एक ओळ होती. 'झुंबर: बसवला.'

योगायोग असेल. मी शिकलेली बाई आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
झुंबररावांचा फॉर्म भरायला त्यांचं सेवापुस्तक काढलं. जन्मतारीख एक जून १९७४. वसंतरावांचीही एक जून, साल १९६७. मी आप्पांना विचारलं, हे कसं काय.

"ताई, हितं समद्यांचा जलम एक जूनचाच. शाळंत घालताना मास्तरनं टाकला, त्योच कागदाव ऱ्हायला."

मग मी उगाच बोटांवर मोजलं. एक जून १९७४ पासून कालच्या तारखेपर्यंत एक्कावन्न वर्षं, पाच महिने, अकरा दिवस. ५१.५.११. वसंतरावांचंही मोजलं. दिवसासकट जुळलं.

ते व्हर्जन नाही. वय आहे. जिथं गोठलं ते वय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
एक्केचाळिसावी ओळ आली.

उत्कर्षा==२७.४.११

माझा जन्म नऊ जुलैचा. माझ्या आईनं तारीख नीट सांगितली होती. गुरुवारी, वीस तारखेला, मी २७.४.११ होणार.

घाबरले. ते इथं लिहून ठेवते. मग राग आला. ज्याच्यावाचून अडतं त्याला असं बांधून ठेवायचं? माणूस आहे मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सर्व्हरची वायरच काढली. काटा बंद. उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय, साहेब, जो तो दारात येऊन एकच म्हणतो — तुमच्यावाचून अडलंय.

दोन वाजता सर्व्हर सुरू झाला. वायर माझ्या हातात होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पळून जायचं? बॅग भरली होती. मग यादीत बेचाळिसावी ओळ दिसली.

सर्जेराव==

पुढे आकडा नाही. अजून नाही. मी गेले की इथं आप्पांवाचून अडणार —

बॅग रिकामी केली. नाही जात. काय करायचं ते कर.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दीड वाजला. आप्पांना बाजाराच्या निमित्तानं बारामतीला पाठवलं. जाताना म्हणाले, "माघारी येस्तवर हितंच ऱ्हावा, ताई. तुमच्याबिगर अडतंय बगा." मायेनं म्हणाले. त्यांना काय माहीत.

वसंतराव बसून गेले. झुंबरराव बसून गेले. मी सकाळपासून उभी आहे. वही कपाटावर ठेवून लिहितेय. दोन्ही खुर्च्या बाहेर काढल्या.

१.५० — ओळ पुसली तर परत येते. म्हणून पुसली नाही. फक्त एक चिन्ह बदललं. दोन्ही ओळींत. पहिलं बरोबरचं काढून 'पेक्षा मोठं' घातलं.

उत्कर्षा>=२७.४.११

एवढं, किंवा यापुढचं. आप्पांनाही तसंच, आजचं वय घालून. गोठवायचं नाही. कुणालाच नाही.

२.०० — चालू झाली. पांडास बसवला. वसंत, आधीच बसवलेला आहे. झुंबर, आधीच —

२.०३ — 'उत्कर्षा: पुढचं व्हर्जन शोधत आहे.'

शोध म्हणावं.

२.०६ — अजून शोधतंय. पाय भरून आलेत. मागं काहीतरी सरकल्याचा आवाज. खुर्च्या बाहेर आहेत. मीच काढल्या.

वसंतरावांची आत आहे. माझ्या मागं. गुडघ्यांना टेकलीय —

२.०८ — 'उत्कर्षा: पुढचं व्हर्जन सापडत नाही.'

सापडत नाही काय? हे घे. उद्याचं पान आत्ताच माझ्या हातानं लिहून देते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आज मी २७.४.१२. सकाळी स्कूटी काढली. भवानीनगरला चहा घेतला. आप्पा दारातच भेटले, त्यांना सांगितलं की बघा, मी अजून बस—