खिडकीवर चिकटवलेली खिडकी

प्रिय राजनंदिनी,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. गेल्या महिन्यात दाढ दाखवायला आलो तेव्हा तुझा नवा दवाखाना पाहिला. सारं नेकनूर कौतुक करतंय, करू दे. काच चकचकीत दिसली की लोकांना डॉक्टर हुशार वाटतो. मला विचारशील तर तो झाकण लावलेला डबा आहे. रस्त्याची धूळ येते म्हणून एकुलती एक खिडकी तू सिलिकॉननं बुजवलीस आणि तिच्यावर चिकटवलंस काय, तर उघड्या खिडकीचं चित्र! निळे डोंगर, उडणारा पडदा. वा गं शहाणे! वळण बापाचंच, पाहुणे आले की दादा गोठ्याला पडदा लावायचा.

एसीचं मला सांगू नकोस. माझी शाळा सातवीतच सुटली, पण कूलर-पंखे उघडून उघडून हवा कशी फिरते ते माझं मी शिकलोय. तुझा एसी आतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर मारतो. दात साफ करायचं तुझं मशीन तोंडातलं पाणी धुरळ्यासारखं उडवतं, आणि ते बाहेर काढायला साधा एक्झॉस्ट नाही. वरून मोगऱ्याच्या वासाचा फवारा! वास मारला की हवा धुतली जाते, हे कुठल्या कॉलेजात शिकवलं?

आणि तो मास्क. माझ्याआधीच्या आमिनाबीसमोर नाकावर घट्ट होता. मी खुर्चीत बसलो तसा काढून खिशात घातलास. म्हणे, काका, तुमच्यापुढं कसला मास्क, तुमी काय परके हाय का? घरच्या माणसाचा श्वास काय गंगाजळ असतो? मग खोकला ऐकून विचारलंस, कधीपासून? मी म्हणालो, कूलरच्या गवताची धूळ हाय, दुसरं काय न्हाई. तू मान डोलावलीस. एवढी डॉक्टर झालीस आणि काकाचं ऐकलंस!

सोमवारी थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी आहे. गोळ्या सुरू केल्यात. पत्र्याच्या शेडमध्ये एकटा राहतो, दोन्ही दारं सताड उघडी. तुझी वैष्णवी अजून अंगावर पिते. हे पत्र वाचलंस की दोघी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तुझं नाव मी सांगितलंय. माझ्यामागून त्या खुर्चीत बसलेल्यांनाही कळव, नाक कापलं जाईल म्हणून गप्प बसू नकोस. ते चित्र फाड, सिलिकॉन खरवड. धूळ पुसता येते. मला बघायला तू येशीलच, ऐकणारी नाहीस. ये, पण दारातच थांब, मास्क लावून. मला परकं वाटणार नाही.

तुझाच हेकट काका,
सुंदरराव