पाण्याचा मेसेज, सकाळी सहा

५ मे २०२५, सोमवार, सकाळी ७.४०
बचत गटातल्या बायका मिरचीच्या रोपांना मनात येईल तेव्हा पाणी देतात, म्हणून ही वही लिहावी लागत आहे. शेडनेटमध्ये बावीस ट्रे. अकरा घरांची यंदाची लागवड त्यांवर. तेहतीस वर्षे वरवट बकालला गणित शिकवले, आता प्रोग्राम लिहिला आहे. उद्यापासून रोज सहाला मेसेज. तो आल्याशिवाय कोणी झारी उचलायची नाही. दहा जणी माझ्या विद्यार्थिनी. मुकाट्याने हो म्हणाल्या. अकरावी सोजराबाई. शाळा नाही, मोबाइल नाही. तिला तोंडी बजावले.

६ मे, दुपारी १२.१०
मेसेज साडेअकराला आला. सर्व्हरचे घड्याळ ग्रीनिचचे, आपल्या साडेपाच तास मागे. चूक सर्व्हरची. रोपांनी माना टाकल्या. सकाळीच पाणी का दिले नाही, असे गटातल्या रुपालीला विचारले. म्हणाली, "तुमीच त मनाई केली, मॅडम." शिस्त उत्तम.
साडेपाच तास मिळवले.

७ मे, सायंकाळी ५.२०
मेसेज पाचला आला. वजा करायचे होते. घाईत कोणाचेही होते. सोजराबाई म्हणते, "मास्तरीनबाई, रोपाइनं आता मोबाइल घ्याव का?" दुर्लक्ष केले. प्रोग्रामला थेट भारताचा टाइम झोन दिला. थकले.

2025-05-08T06:05+05:30
बरोबर सहाला आला! यापुढे तारीख अशीच लिहिणार. जगात कुठेही गोंधळ नाही. मेसेजमध्येही तारीख टाकली. कशी दिसते ते तपासण्याची गरज वाटली नाही. दोन दिवस चिखलीला बहिणीकडे. तिथल्या गटालाही हे शिकवीन.

2025-05-10T18:30+05:30
परतले. ट्रे वाळलेले. मेसेज दोन्ही दिवस सहालाच आला होता. तारीख मात्र अमेरिकन पद्धतीने, महिना आधी: 05/09/2025. रुपाली म्हणाली, "काल पाच सप्टेंबर आलं, आज पाच ऑक्टोबर. आमी म्हटलं, मॅडमनं काई विचार करूनच पाठोलं असन."
विचारायला नको होते का? पण मला प्रश्न विचारायची सवय त्यांना मीच लागू दिली नव्हती.

रविवार, सकाळ
वीस ट्रे गेले. सोजराबाईचे दोन हिरवेगार. पहिल्या दिवसापासून ती तांब्याने पाणी घालत होती. तुलनेसाठी दोन ट्रे वेगळे असणे शास्त्रीयच होते. तिने न विचारता त्यातली रोपे अकरा घरांत वाटायला काढली. मी पोच म्हणून सही मागितली. म्हणाली, "सही मंग. सरका, ऊन चढून राह्यलं."
सरकले.
सोजराबाईस सुपूर्द: शेडनेटची किल्ली एक, झाऱ्या दोन. वेळ: पाणी द्यायची.