सतरा नंबरची कोरी ओळ

सोमवार, ३ मार्च

पन्नास वर्षांचा इतिहास हवा म्हणे! राष्ट्रीय कराटे संघटनेच्या अध्यक्षांचा फोन. "बाई, तीस वर्षं तुम्ही ऑफिस सांभाळलंत, तुम्हीच लिहा. फक्त जरा — गोड लिहा." गोड! कराटे संघटना आहे की मिठाईचं दुकान?

बुधवार, ५ मार्च

ऑफिसातून जुन्या वह्या आणल्या. धूळ, झुरळं आणि ठराव. पहिली फूट नवव्या वर्षी. कराट्यात धाकट्याने थोरल्यापेक्षा जास्त वाकून नमस्कार करायचा. दोन सर समोरासमोर आले. धाकटा कोण? — दोघंही नाही! मोडेन पण वाकणार नाही, आणि मोडली ती संघटना. आज देशात तीन राष्ट्रीय संघटना आहेत. तिन्ही एकमेव.

गुरुवार, ६ मार्च

ब्लॅक बेल्टची नोंदवही उघडली. सोळा, मग अठरा. मिटून ठेवली.

शुक्रवार, ७ मार्च

लिहूनच टाकते. सतरा नंबर माझा.

चव्वेचाळीस वर्षं झाली. कॉन्व्हेंटात सिस्टरने गुडघे जुळवून बसायला शिकवलं होतं, इथे सरांनी पाय फाकवून उभं राहायला शिकवलं. टायपिंग संपलं की मी मागच्या रांगेत. पाच वर्षं! परदेशी परीक्षक आले, बघितलं, पास म्हणाले. त्यांचं विमान उडालं आणि समितीला घाम फुटला, आजचे अध्यक्षही तेव्हा समितीतच. "नियमात बायकांचं काहीच नाही हो! पुढच्या सभेत बघू."

ते इतिवृत्त कुणी टाइप केलं? मी. नोंदवहीची स्वच्छ प्रत कुणी काढली, सतराची ओळ पट्टीने आखून कोरी सोडून? मीच. नोकरी हवी होती. आणि वाटलं, पुढची सभा काय, महिन्यावर आली. मूर्ख!

बारा वर्षांनी मुलींना बेल्ट द्यायला लागले. भिंतीवर फोटो लागला — 'पहिली महिला ब्लॅक बेल्ट'. अध्यक्षांची पुतणी. आज मुख्य परीक्षक आहे. चांगली आहे पोरगी, तिला बिचारीला काय माहीत.

मंगळवार, ११ मार्च

सतरा नंबरचं प्रकरण अध्यक्षांपुढे ठेवलं. वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "छपाईत गळला असं लिहू या?" म्हटलं, छपाईत नाही, तुमच्या हिमतीत गळला. मग म्हणाले, "बरं, समारंभात तुम्हाला मानाचा बेल्ट देऊ. मंचावर. टाळ्या वगैरे."

भीक नको म्हटलं. परीक्षा घ्या, सगळ्यांबरोबर. नाहीतर हा इतिहास दुसऱ्या एकमेव संघटनेला देते!

घेणार आहेत.

बुधवार, १२ मार्च

आम्ही दोघी बहिणीच घरात. ताई कडाडली, "सदुसष्टाव्या वर्षी? हाडं गोळा करायला मी येणार नाही, सांगून ठेवते!" संध्याकाळी तिनेच स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं. "हं, कर. कपबशांपासून लांब."

रविवार, ३० मार्च

गुडघा म्हणतो नाही. कंबर म्हणते नाही. मला कोण विचारतंय!

रविवार, ६ एप्रिल

परीक्षा. दारातच एका कार्ट्याने अडवलं. "आजी, पालकांनी बाहेर बसायचं." म्हटलं, पालक बाहेरच बसलेत. बहात्तर वर्षांचे. डबा घेऊन.

पुतणी टेबलामागे. मी तिला सगळं सांगणार नव्हते, पण माझं प्रकरण तिने वाचलं होतं — पुढ्यातच होतं. तिने खूण केली, मी वारांचा ठरलेला क्रम सुरू केला. चौथ्या मिनिटाला माझा श्वास संपला. तरी शेवटपर्यंत गेले.

"मावशी, तिसऱ्या वळणावर डावी टाच उचलली गेली. दोनदा."

"मग?"

"मग नापास."

ताई बाहेर भांडायच्या तयारीत. "वयाचा तरी मान ठेवायचा!" मी तिला ओढतच घरी आणली. टाच उचलली होती, मला कळलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या टाचेकडे बघितलं. ताईला काय कळणार! पोटभर जेवले.

सोमवार, ७ एप्रिल

वह्या परत करायला ऑफिसात गेले. भिंतीवर नुसता खिळा. पुतणीने आपला फोटो आपणच उतरवला होता. माझ्या हातातून तिने नोंदवही घेतली, सतराच्या कोऱ्या ओळीत माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे तेव्हाची तारीख.

"अगं, तुझे काका ओरडतील!"

शाई फुंकत म्हणाली, "पुढच्या सभेत बघू."