पाराकडे तोंड केलेलं फाटक

मंगळवार, दिवेलागण

दमलो. वडूजजवळच्या गावातल्या नव्या शाळेचा नकाशा आज ग्रामसभेत मांडला. दगड गावच्याच माळावरचा, खोल्या उताराला धरून आणि फाटक थेट गावाच्या पाराकडे. ‘शाळा आणि गाव समोरासमोर,’ असं मी म्हणालो तेव्हा सरपंचांनी टाळी वाजवली. मनातल्या मनात मीही वाजवली, खोटं कशाला लिहू?

मग जुन्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शांतामावशी उठल्या. “आवं सायब, पारावर दिसभर गडीमाणसं बसल्याली असत्यात. पोरींनी यायचं कसं?”

सरपंच हसले. “बसंनात का! पोरींना खात्यात व्हय ती?”

“खात न्हाईत, बघत्यात. माजी नात सातवीतच घरी बसली, ती कशापायी?”

पाराची मापं मी तीनदा घेतली होती, त्याची सावलीसुद्धा आखली होती. त्या सावलीत बसणारी माणसं काय मला शोभेची वाटली?

घरी येऊन फाटक खोडलं आणि मागच्या ओढ्याकडे काढलं. आता शाळेची पाठ गावाकडे. फोनवर सांगितलं तर सरपंच कुरकुरले, “मग शाळेची पाटी दिसायची कुणाला?”

मावशींच्या नातीला दिसली तरी पुरे.