वाकडं बटण

मंगळवार, ४ मार्च

निवड झाली! तीन वर्षं, समुद्रापलीकडची मोठी दुर्बीण, आणि दूरच्या दीर्घिका किती वेगानं लांब जातायत ते मोजायचं. घरातली पहिली पदवीधर मी — आणि आता हे! माझ्या मार्गदर्शक मॅडम नुसतं "चला, सुटलीस माझ्या तावडीतून" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. त्यांचे उपकार कुठल्या जन्मी फेडू?

बाबा बिस्किटांच्या कारखान्यातून आल्या आल्या म्हणाले, "तिथंही ते रेडशिफ्टच का? म्हणजे रात्रपाळी आलीच!" लांब जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लालाकडे सरकतो, त्याला रेडशिफ्ट म्हणतात — पुन्हा सांगितलं. त्यांनी पाळीच धरून ठेवलीय.

बुधवार, ५ मार्च

आईला नीट समजावलं. तिच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घेतलं, खडूनं ठिपके काढले, ताणलं. "बघ, विश्व असं पसरतं. जो ठिपका लांब, तो आणखी भरभर लांब जातो."

"म्हणजे लांब गेलेलं काही परत येत नाही," आई म्हणाली. आणि मशीन सुरू केलं.

काय बोलून बसले मी!

गुरुवार, ६ मार्च

आई कामापुरतंच बोलते.

शनिवार, ८ मार्च

त्याच इलॅस्टिकवर एक बटण शिवलं. आईसमोर ताणलं. "बटणाची भोकं लांब गेली का? नाही ना? जवळच्यांना एकमेकांची ओढ असते, तिथं हे पसरणं चालत नाही." शास्त्रातही ओढ, घरातही ओढ — एकच शब्द! ज्या कुणाला तो सुचला, त्याला माझा नमस्कार.

आईनं बटण निरखलं. "वाकडं लावलंयस."

बस्स. एवढंच.

रविवार, ९ मार्च

ठरलं. उद्या मॅडमना 'जात नाही' म्हणून सांगायचं. लोकांचे कपडे शिवून शिवून आईनं डोळे झिजवले, म्हणून मी आकाश बघू शकले. तिलाच दुखवून कसल्या दीर्घिका मोजू? रडले खूप, पण राग कुणाचाच नाही. इथवर आले, तेच केवढं!

सोमवार, १० मार्च

मॅडमच्या खोलीत गेले. तोंड उघडायच्या आत त्या हसायलाच लागल्या — "तुझ्या आईचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, पोरगी नाही म्हणायला येईल, अजिबात ऐकू नका. साधं बटण लावता येत नाही तिला, इथं राहून करणार काय!"